रघुनाथ धोंडो कर्वे : संकोचाविरुद्ध विवेक

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणकार्याशी आपण परिचित आहात. या भागात आपण त्यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ यांचे चरित्र पाहणार आहोत. ज्या विषयावर घरात, शाळेत आणि ग्रंथांतही मौन पाळले जात होते, त्यावर त्यांनी सरळ मराठीत लेखन केले.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे, राधाबाईंचे, बाळंतपणात निधन झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये ते गणिताचे प्राध्यापक होते. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्याच्या जाहीर पुरस्कारामुळे त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. पत्नी मालतीबाई यांनी मात्र त्यांना साथ दिली.

1923 मध्ये त्यांचे 'गुप्तरोगापासून बचाव' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळाचा विचार आपण करावा. उपदंश आणि परमा या रोगांवर पेनिसिलिनसारखे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते. ते 1940 नंतरच्या दशकात आले. रोगापेक्षाही त्याच्या नावाची लाज मोठी होती. रोग लपवला जाई, तो पतीकडून पत्नीकडे आणि आईकडून गर्भातील बालकाकडे जाई. दोष मात्र बहुधा स्त्रीच्या माथी मारला जाई. 'गुप्तरोग' या शब्दातच ही लपवाछपवी दडलेली आहे, हे आपल्या लक्षात येईल. कर्व्यांनी शब्द प्रचलितच वापरला. पण रोगाला पापाचे फळ न मानता त्यांनी तो आरोग्याचा प्रश्न मानला. ज्याची कारणे समजतात, त्याला प्रतिबंध करता येतो, ही त्यांची भूमिका होती.

जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक आपल्या शंका पत्राने कळवत आणि कर्वे त्यांना उत्तरे देत. विचारणाऱ्याच्या चारित्र्याची झडती न घेता ते माहिती देत. याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक चालू ठेवले. 14 ऑक्टोबर 1953 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत ते या कार्यात गुंतलेले होते.

आपणांपैकी अनेक जण आज वयात येणाऱ्या मुलामुलींचे पालक किंवा शिक्षक असतील. आज उपदंश व परमा औषधाने बरे होतात, एचआयव्हीवर औषधोपचाराने नियंत्रण ठेवता येते. परंतु तरुण मनात बदनामीची भीती असेल, तर ते दवाखान्याची पायरी चढत नाही. मुलाने प्रश्न विचारला असता 'तुला हे कशाला हवे?' असा प्रतिप्रश्न केला, तर ते पुन्हा विचारणार नाही. म्हणून आधी शंकेचे उत्तर द्यावे, निरोधाचा उपयोग व तपासणीची सोय सांगावी आणि उपचार घेण्यात कमीपणा नाही, हे पटवून द्यावे. कर्व्यांच्या गद्याचा अभ्यास करताना त्यातील हा विनासंकोच सरळपणा आपण अवश्य लक्षात घ्यावा.

स्वयंअध्ययनासाठी : एखाद्या रोगाला दिलेले नाव रुग्णाच्या उपचारात अडथळा कसा ठरते, ते आपल्या शब्दांत लिहा.