सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम वकील

सर्पगंधा हे हातभर वाढणारे लहान झुडूप. फुले पांढरी, देठ लालसर. औषधी गुण मात्र मुळीत. सर्पदंश, निद्रानाश आणि वेडावर वैद्य ही मुळी शतकानुशतके देत आले. 1931मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो, असे नोंदवले. तरीही भारताबाहेर तिची फारशी दखल घेतली गेली नाही.

ती घ्यायला लावली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. 1911मध्ये मुंबईत जन्मलेले वकील लंडनमध्ये शिकून मायदेशी परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करू लागले. उच्च रक्तदाबावर त्या काळी खात्रीचे औषध जवळपास नव्हतेच. वकिलांनी 50 रुग्णांना सर्पगंधा दिली, रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 1949मध्ये त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केल्या. परंपरेने सांगितलेला गुण आता आकड्यांत मांडला गेला होता.

1952मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा ते रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. वकिलांना 1957मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, 1958मध्ये पद्मभूषण. 1974मध्ये त्यांचे निधन झाले.

या यशाची किंमत झुडपाने मोजली. मुळी हवी तर अख्खे झाड उपटावे लागते. जगभरातून मागणी वाढली तशी जंगले रिकामी होऊ लागली. अखेर भारताने मुळ्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. लागवड हा त्यावरचा उपाय, पण तो संथ आहे. बियांची उगवण कमी, म्हणून मुळांचे तुकडेही लावतात. मुळ्या काढण्याजोग्या व्हायला साधारण दीड ते तीन वर्षे लागतात.

रेसर्पिनचा वापर आज बराच घटला आहे. त्याने नाक चोंदते, सुस्ती येते, काहींना नैराश्यही येऊ शकते. म्हणून ही मुळी घरच्या घरी उगाळून घेऊ नये. रक्तदाबाची चालू गोळी तिच्या भरवशावर बंद करणे तर धोक्याचेच. मात्रा ठरवून, दाब मोजून, नोंद ठेवून औषध द्यायचे, हीच वकिलांची रीत होती.