कै. केरूनाना छत्रे

दहावी-बारावीचे निकाल लागले, कीं आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील कित्येक विद्यार्थी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणें येथें जाण्याच्या तयारीस लागतात. त्यांच्या खरेदीच्या यादींत सूर्यप्रकाशावर चालणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर हटकून असतो, आणि तो कोणता घ्यावा याची घरोघर चर्चा होते. हा प्रश्न सोडविण्यापूर्वीं, ज्या थोर पुरुषानें महाराष्ट्रास आकडेमोडीचें एक उत्तम साधन स्वतःच्या हातांनीं करून दिलें, त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. तो पुरुष म्हणजे कै. केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे.

केरूनानांचा जन्म इ. स. १८२५ च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील, नागांव येथें झाला. लहानपणींच आईबापांचें छत्र हरपल्यामुळें ते मुंबईस आपल्या चुलत्यांच्या आश्रयास गेले. तेथें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांचें शिक्षण झालें. प्रोफेसर ऑर्लिबार हे त्यांचे गणिताचे गुरु. या गुरूंनीं शिष्याची बुद्धि तेव्हांच ओळखली, आणि केरूनाना पंधरा-सोळा वर्षांचे असतांनाच त्यांस कुलाब्याच्या वेधशाळेंत आपल्या हाताखालीं घेतलें. ज्या वयांत आमचे विद्यार्थी दहावीच्या परीक्षेची धास्ती घेतात, त्या वयांत हा मुलगा वेध घेण्याच्या कामीं गढून गेला होता.

वेधशाळेंत हवेचा दाब, उष्णमान आणि पृथ्वीचें चुंबकत्व यांचीं मोजमापें दिवसरात्र ठरावीक वेळीं घेऊन नोंदवावीं लागत. काम कंटाळवाणें खरें; पण सुमारें दहा वर्षें तें केल्यानें केरूनानांच्या अंगीं एक गुण कायमचा बाणला. कागदावरचा आंकडा प्रत्यक्षाशीं ताडून पाहिल्यावांचून त्यास खरा मानावयाचा नाहीं, हाच तो गुण. पुढील सर्व कर्तृत्वाचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

इ. स. १८५१ च्या सुमारास ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. गणित व सृष्टिशास्त्र हे त्यांचे विषय. पुढें डेक्कन कॉलेजांतहि त्यांनीं गणित शिकविलें, आणि तेथें लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांस लाभला. सरकारनें त्यांस रावबहादुर ही पदवी दिली.

त्यांच्या आयुष्यांतील मोठें कार्य मात्र पंचांगाचें होय. त्या काळीं महाराष्ट्रांतील बहुतेक पंचांगें 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं हा ग्रंथ इ. स. १५२० च्या सुमारास रचला. ज्या-कोटिज्यांची किचकट खटपट टाळून ग्रहांचीं स्थानें काढण्याची सोपी युक्ति त्यांत आहे. श्रम वांचविणारें तें साधन इतकें सोयीचें ठरलें, कीं जोशीमंडळी पिढ्यान् पिढ्या तेंच वापरीत राहिली. गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं मात्र त्यांची रीत तेवढी उचलली आणि आकाशाकडे पाहणें सोडलें. गतींतील बारीकशी चूकहि तीनशें वर्षांत सांठून मोठी होते. त्यामुळें गणित करणाऱ्याच्या बेरजेंत एकहि दोष नसतांना ग्रह पंचांगांत एके ठिकाणीं, तर आकाशांत दुसऱ्याच ठिकाणीं दिसूं लागला. ज्या समाजाचे सण, व्रतें आणि मुहूर्त पंचांगावर चालतात, त्यास ही गोष्ट लहानसहान नव्हती.

केरूनानांनीं जुनें साधन दोष देऊन फेंकलें नाहीं. त्याच्या तोडीचें सोपें, परंतु खरें, असें दुसरें साधन रचिलें. युरोपांतील ज्योतिष्यांच्या नव्या संशोधनाच्या आधारें त्यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा मराठी ग्रंथ सिद्ध करून इ. स. १८६० मध्यें प्रसिद्ध केला. अवघड गणित ग्रंथकारानें एकदां करून कोष्टकांत मांडून ठेवावें, आणि वापरणाऱ्यानें इष्ट दिवसाचे आंकडे घेऊन त्यांची बेरीज-वजाबाकी करावी, अशी कोष्टकांची रीत असते. आज बटण दाबतांच जें काम यंत्राच्या पोटांत होतें, तें त्या काळीं अशा पानांतून होई.

शके १७८७ पासून, म्हणजे इ. स. १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें त्यांचें नवें पंचांग निघूं लागलें. म्हणूनच तें पटवर्धनी पंचांग या नांवानें ओळखलें गेलें. लोकांनीं तें एकदम उचलून धरलें, असें मात्र झालें नाहीं. वाडवडिलांच्या पंचांगाहून निराळी तिथि मानावयास फार थोडे तयार झाले. केरूनाना डगमगले नाहींत. १९ मार्च १८८४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. पंचांगशुद्धीच्या चळवळीस पुढें त्यांच्याच शिष्योत्तमानें, लोकमान्यांनीं, जोर दिला.

आतां आपल्या खरेदीकडे वळूं. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेंत लॉग टेबल चालतें, कॅल्क्युलेटर चालत नाहीं. म्हणजे कोष्टकांचा अभ्यास अद्यापि सुटलेला नाहीं. तंत्रनिकेतनांच्या परीक्षांत कॅल्क्युलेटरास परवानगी आहे, परंतु तो नॉन-प्रोग्रॅमेबल असावा लागतो. केवळ सौरपट्टीवर चालणारें यंत्र मंद उजेडांत आंकडे दाखवीनासें होतें; यास्तव पट्टीच्या जोडीस लहानसा बटण-सेल असलेलें यंत्र घेणें शहाणपणाचें. गणितांतील पदें वहींत लिहितों तशींच पडद्यावर दाखविणारें असेल, तर चूक लवकर सांपडते. याहून अधिक किंमत मोजण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

पण यंत्र कितीहि चांगलें असो, तें अंशांवर आहे कीं रेडियनवर, हें पाहण्याचें काम विद्यार्थ्याचेंच आहे. ३० अंशांची ज्या ०.५ असते. तेंच यंत्र रेडियनवर राहिलें, तर तें निःशंकपणें उणें ०.९८८ हें उत्तर देईल, आणि त्यांत यंत्राचा कांहींएक दोष नसेल. ग्रहलाघव वापरणाऱ्यांची जी गत झाली, तीच ही. लघुकोनाची ज्या उणी कशी आली, हें ज्याच्या मनांत तत्काळ येतें, तोच यंत्राचा धनी. इतर सर्व त्याचे चाकर. उत्तर येण्यापूर्वीं तें सुमारें किती यावें, याचा अदमास मनाशीं बांधण्याची संवय आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं लावून घ्यावी. कोष्टकें रचूनहि आकाशावरची दृष्टि न काढणाऱ्या केरूनानांचें खरें स्मारक तेंच होईल.