शिवोलीत फुटबॉल आणणारे फादर लायन्स

गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज कुणाला भासत नाही. पाव आला, मिरची आली, व्हायोलिन आले. तेव्हा फुटबॉलही त्याच गलबतातून उतरला असणार, असे आपण धरून चालतो. कालगणना मात्र वेगळे सांगते. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील पहिला संघटित सामना १८८८ साली कास्काइस येथे झाला, असे मानले जाते. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८३ मध्ये, बार्देशातील शिवोली गावची मुले हा खेळ शिकू लागली होती. त्यांना तो शिकविला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूने.

फादर लायन्स गोव्यात आले ते प्रकृतीस उतार पडावा म्हणून, असे सांगितले जाते. विश्रांतीसाठी आलेल्या माणसाने गावच्या मुलांना चेंडूमागे धावायला लावावे, हा योगायोग गमतीचा खरा; पण त्यामागे त्या काळच्या ब्रिटिश शिक्षणाचा एक पक्का विचार होता. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळांनी या धसमुसळ्या खेळाला नियमांत बसविले. १८४८ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी नियम लिहून काढले आणि १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल संघटना उभी राहिली. शरीर कणखर व्हावे, शिस्त अंगी बाणावी आणि हार पचविता यावी, यासाठी मैदान हे वर्गाइतकेच आवश्यक मानले जाई. फादर लायन्स यांनीही फुटबॉल आणला तो ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून. करमणूक हा त्याचा मूळ हेतू नव्हता.

पोर्तुगीज राजवटीतील गावाला इंग्रजी शिक्षणाची ओढ का असावी, हे त्या काळचे स्थलांतर पाहिले म्हणजे कळते. बार्देशातील कित्येक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत, कराचीत किंवा आगबोटीवर असे. पुढे पूर्व आफ्रिकेची वाटही खुली झाली. इंग्रजी येत असे त्याला नोकरी मिळे. ही गरज ओळखून फादर लायन्स यांनी १८८७ साली सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा स्थापन केली आणि हडफडे गावाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले. पोटासाठी इंग्रजी शिकायला आलेला मुलगा त्याच शाळेत फुटबॉलही शिकला. गोव्यातील या खेळाचा उगम क्लबात वा छावणीत नसून शाळेच्या दिनक्रमात आहे, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

कलकत्त्याची कथाही याच जातीची आहे. १८७७ साली हेअर स्कूलच्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या बालविद्यार्थ्याने गोऱ्यांचा चेंडू पाहिला आणि आपल्या सवंगड्यांना जमवून शाळेच्या आवारात खेळ मांडला. तेथे मुलाने पुढाकार घेतला, येथे गुरूने. रोप मात्र दोन्हीकडे शाळेतच लागले.

शाळेतून बाहेर पडलेली मुले खेळ आपापल्या गावी घेऊन गेली. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेते मैदाने झाली, चर्चसमोरच्या पटांगणात सामने रंगू लागले आणि फेस्ताला स्पर्धेची जोड मिळाली. पायांत बूट नसले तरी कुणाचे अडत नसे. मुंबईला गेलेल्या गोमंतकीयांनी तेथील मैदानेही गाजविली. त्याच परंपरेतील नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला.

पुढे १९८३ साली, फादर लायन्स यांच्या आगमनाला शंभर वर्षे होत असताना, गोव्याला संतोष करंडक प्रथमच मिळाला. तो कलकत्त्यात मिळाला आणि बंगालबरोबर वाटून घ्यावा लागला. शाळेत रोप लागलेल्या त्या दोन भूमी एकाच करंडकावर हात ठेवून उभ्या राहिल्या! त्यानंतरच्या स्पर्धेत ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने तो एकट्याने जिंकला आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही.

क्लबांचे वैभव त्यानंतरचे. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. पण २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा हे वैभव किती परावलंबी होते ते दिसून आले. मालकाच्या एका निर्णयाने संघ मैदान सोडू शकतो. शाळेच्या तासिकेतला खेळ त्या निर्णयावर अवलंबून नसतो. त्याला मोकळी जागा आणि मुलांबरोबर धावणारा एखादा शिक्षक एवढेच लागते. आज आपल्याकडे या दोहोंचीच टंचाई आहे. गुणांच्या शर्यतीत खेळाचा तास पहिला बळी जातो, आणि बार्देशच्या किनारपट्टीत तर मुले ज्या शेतांत खेळली त्यांतील कित्येक बांधकामाखाली गेली आहेत. हडफडे म्हटले की पर्यटकांना शनिवारचा रात्रबाजार आठवतो. फादर लायन्स यांची शाळा त्याच गावात आहे.