पाणी मुरू द्या, मग जीव सोडा : ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घराघरात नेणाऱ्या फिलिप गॉसची गोष्ट

दुकानातून हौसेने क्लाउनफिश आणायचा, पिशवी उघडून थेट टँकमध्ये सोडायचा आणि दोन-तीन दिवसांत तो पालथा तरंगताना बघायचा. खाऱ्या पाण्याचा टँक नव्याने ठेवणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हे घडतं. दोष माशाचा नसतो, दरवेळी दुकानदाराचाही नसतो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो.

ही घाई कशी टाळायची हे एका माणसाने सुमारे १७० वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो अर्थ लोकांच्या तोंडी बसला तो याच माणसामुळे.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील छोटी व्यक्तिचित्रं रंगवत गावोगाव फिरायचे. कमाई बेताची. घर स्थिरावलं ते पूल नावाच्या बंदराच्या गावात. तिथे त्याच्या एका आत्याने, सुझन बेलने, त्याला चित्र काढायला आणि किनाऱ्यावरचे जीव ओळखायला शिकवलं. हीच गोडी तिने आधी स्वतःच्या मुलाला लावली होती. तो मुलगा म्हणजे पुढे नावाजलेला प्राणिशास्त्रज्ञ थॉमस बेल.

पण भाच्याच्या नशिबात कॉलेज नव्हतं. कोवळ्या वयात त्याला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून चिकटवलं गेलं. १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याला जहाजात बसवून थेट न्यूफाउंडलंडला धाडलं. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात किडे-फुलपाखरं. १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि निसर्गाचा छंद म्हणजेच आयुष्य, हे त्याने ठरवून टाकलं.

पुढची काही वर्षं मात्र फटके खाण्यात गेली. कॅनडात शेती केली, ती बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना शिकवलं, तिथली गुलामगिरी जवळून पाहिली आणि वर्षभराच्या आत तिथून निघाला. १८३९ मध्ये तो इंग्लंडला परतला तेव्हा खिसा रिकामाच होता. पण कॅनडातल्या निरीक्षणांवरचं पुस्तक १८४० मध्ये छापून आलं आणि पोट भरायला लेखणी पुरते हे कळलं. १८४४ ते १८४६ तो जमैकात होता. तिथल्या पक्ष्यांवरचं त्याचं काम आजही मानलं जातं.

१८४८ मध्ये एमिली बोज हिच्याशी लग्न झालं, १८४९ मध्ये एडमंड हा मुलगा झाला. गॉस इतका काम करायचा की तब्येतच ढासळली. हवापालटासाठी १८५२ मध्ये हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेलं आणि तिथे त्याच्या आयुष्याला वळण मिळालं.

ओहोटीला खडकांच्या खळग्यांत जे पाणी साचतं, त्यात तो तासन् तास उतरून बसायचा. समुद्रफुलं, खेकडे, कोळंबी, रंगीत शेवाळ. प्रश्न एकच होता, हे सगळं जिवंत घरी कसं न्यायचं?

प्रयत्न आधीही झाले होते. १८३० च्या दशकात जान विलप्रू-पॉवर या फ्रेंच संशोधिकेने सिसिलीत काचेच्या टाक्यांमध्ये समुद्री जीव अभ्यासले. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी लंडनच्या घरात प्रवाळ जगवले. त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, म्हणजे त्यात हवा मिसळेल. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाय एकत्र ठेवले, तर पाणी बराच काळ चांगलं राहतं हे दाखवलं. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झाली होती आणि रेल्वेमुळे किनाऱ्यावरचे जीव लवकर शहरात पोचू लागले होते. म्हणजे सामान सगळं तयार होतं. लोकांना समजेल अशा भाषेत सांगणारा कुणीतरी हवा होता.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. ते उभं करण्यात आणि त्यात जीव भरण्यात गॉसचा मोठा हात होता. १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’ हे त्याचं पुस्तक आलं. तोवर अशा टाकीला लोक ‘व्हिव्हेरियम’ म्हणायचे. गॉसने सुटसुटीत शब्द निवडला आणि तोच टिकला.

पण समुद्र लांब असलेल्यांनी काय करायचं? इथे गॉसचं सगळ्यात उपयोगी काम येतं. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक विश्लेषण तेव्हा उपलब्ध होतं. त्यावरून त्याने चार क्षार निवडले : साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. १८५४ च्या एप्रिलमध्ये ते साध्या पाण्यात कालवून त्याने घरीच समुद्र बनवला.

त्यानंतर त्याने जे केलं ते आजच्या प्रत्येक टँकवाल्याने लक्षात ठेवावं. पाणी तयार होताच त्यात जीव सोडले नाहीत. तळाला किनाऱ्यावरचे गोटे घातले, हिरवं शेवाळ चिकटलेले दगडाचे तुकडे ठेवले आणि थांबला. साधारण आठवडाभराने समुद्रफुलं आणि इतर छोटे जीव आत गेले. ते जगले.

शेवाळ प्राणवायू सोडतं आणि त्यामुळे पाणी शुद्ध राहतं, असा त्याचा हिशोब होता. तो खरा होता, पण अर्धा. दगडांवरून शेवाळासोबत डोळ्यांना न दिसणारे जिवाणूही आले असणार. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो माशांसाठी विष असतो. हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे काम जिवाणू करतात याचा पुरावा १८७७ मध्ये मिळाला. गॉसच्या प्रयोगानंतर तब्बल २३ वर्षांनी. आज टँक भरल्यावर काही आठवडे ‘सायकल’ होऊ द्या म्हणतात आणि ‘लाइव्ह रॉक’ टाकायला सांगतात, ते याच कारणाने.

१८५५ मध्ये त्याने घरगुती टाकीवर छोटी मार्गदर्शिकाही काढली. पाणी वाफ होऊन उडतं पण मीठ मागे राहतं, म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची. मेलेला जीव लगेच बाहेर काढायचा, नाहीतर तो बाकीच्यांना घेऊन जातो. हे नियम आजही तसेच आहेत.

त्यात पुढच्या काळाने दोन गोष्टींची भर घातली. पहिली, नव्या माशाला पाण्याची सवय करून देणं. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची म्हणजे तापमान जुळतं, मग नळीने थेंबथेंब पाणी सोडून क्षारता जुळवायची. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतायचं नाही. दुसरी, क्वारंटाइन. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरियन हा परजीवी काही दिवसांनी मासा सोडून तळाशी जातो. ठिपके गेले म्हणून लोक खूश होतात, पण तळाशी तो वाढत असतो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी शेकडोंनी परततो. म्हणून नवा मासा वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवून, त्याच्यावर नजर ठेवून मगच मुख्य टँकमध्ये सोडायचा.

गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडला वेड लावलं. दिवाणखान्यात समुद्राची टाकी असणं प्रतिष्ठेचं झालं. १८५६ मध्ये शाळा अर्धवट सोडलेला हा कारकून रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण पुढच्याच वर्षी सगळं फिरलं. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी बायबलची सृष्टी आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालणारं त्याचं ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक आलं. देवाने पृथ्वी जुनी दिसेल अशीच घडवली, हा त्याचा मुद्दा ना शास्त्रज्ञांना पटला ना धार्मिक लोकांना. पुस्तक सपशेल आपटलं. तो आठ वर्षांच्या एडमंडला घेऊन टॉर्कीजवळ राहायला गेला आणि पुन्हा किनाऱ्याकडे वळला. ब्रिटनमधल्या समुद्रफुलांवरचा त्याचा मोठा ग्रंथ याच काळातला.

आणि तिथेच त्याला सगळ्यात मोठा धक्का बसला. त्याची पुस्तकं वाचून लोक हातोडे-छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले होते. खडक फोडले, खळगे रिकामे केले. घरी नेलेले बहुतेक जीव घाईने आणि अज्ञानाने मेले, की लोक पुन्हा नवे आणायला जायचे. ज्या खळग्यांवर गॉसने जीव लावला, ते त्याच्याच लोकप्रियतेने ओस पडले. ही सल त्याला आयुष्यभर राहिली, असं एडमंडने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ मध्ये लिहून ठेवलं आहे.

२३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस गेला.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं ते १९५१ मध्ये. काचेला नाक लावून मासे बघत मोठ्या झालेल्या पिढ्यांना गॉसचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. पण बाजारात येणारे बहुतेक समुद्री मासे आजही टाकीत जन्मलेले नसतात, प्रवाळांमधून पकडून आणलेले असतात. घाईने मारलेल्या प्रत्येक माशाच्या जागी समुद्रातून आणखी एक उचलला जातो. वेगळी टाकी आणि सहा आठवड्यांचा धीर हा खर्च वाटत असेल, तर हा हिशोबही त्यात धरायला हवा.