कागदावरचा हत्ती

शिवणक्लासाची पायरी चढलेल्या प्रत्येकीला पेपर कटिंग ठाऊक असते. कागदावर आकृती सपाटच असते. तिला गोलाई आणायची ती हाताने. मऊ खेळण्यांच्या जगड्व्याळ धंद्याची सुरुवात अशाच एका कागदी आकृतीतून झाली, आणि ती केली जन्मभर चालू न शकलेल्या एका बाईने.

मार्गारेट श्टाइफ यांचा जन्म २४ जुलै १८४७ रोजी जर्मनीतील गींगेन या लहानशा गावी झाला. दीड वर्षाच्या असताना पोलिओने दोन्ही पाय लुळे पडले, उजवा हातही अधू झाला. उपचार खूप झाले; गुण आला नाही. हिचे पुढे कसे व्हायचे, हा घोर घरच्यांना लागला. मार्गारेट मात्र चिकाटीने शिवण शिकल्या. घरी शिलाई मशीन आले, पण त्याचे चाक उजव्या हाताने फिरवायचे! त्यांनी मशीनच उलटे वळवून घेतले आणि डाव्या हाताने चाक फिरवू लागल्या.

१८७७ मध्ये त्यांनी फेल्टच्या, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या, कपड्यांचे दुकान काढले. डिसेंबर १८७९ मध्ये ‘मोडेनवेल्ट’ या मासिकात त्यांना कापडी हत्तीचा कागदी नमुना दिसला. कागद घडीवर उभा राहतो. कापडाला आतून भरावे लागते. दोन बाजू नुसत्या जोडल्या तर उशीच होते. पोटाखाली वेगळी कळी घातली की हत्ती चार पायांवर उभा राहतो. फेल्टचे धागे सुटत नाहीत, म्हणून असल्या बारीक कामाला ते सोयीचे. मार्गारेटबाईंनी हत्ती शिवला तो टाचण्या खोचायची उशी म्हणून. मुलांनी तो खेळायला घेतला. त्या काळी खेळणी बहुधा लाकडाची, पत्र्याची, चिनी मातीची. कुशीत घेऊन झोपता येईल असे हे नवलच होते. १८८६ मध्ये असे पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले.

१८९७ मध्ये पुतण्या रिचर्ड धंद्यात आला. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून तो जनावरांची रेखाटने करी. त्यातून १९०२ मध्ये हातपाय हलवणारे अस्वल तयार झाले. ते लवदार प्लशचे होते, आणि प्लश बेतणे फेल्टपेक्षा अवघड. लवेची दिशा सांभाळावी लागते, कात्री मागच्या विणीपुरतीच चालवावी लागते. १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तीन हजार अस्वले मागवली. तिकडे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या टोपणनावावरून अशा अस्वलांना ‘टेडी’ म्हणू लागले होते. १९०७ मध्ये गींगेनहून ९ लाख ७४ हजार अस्वले बाहेर पडली. कारखान्यात सुमारे चारशे माणसे राबत होती, तर घरबसल्या काम करणारी अठराशे होती.

छापील नमुन्यावरून सुरू झालेल्या या धंद्याला पुढे नकलांचा जाच झाला. कागदावर उतरलेला आकार कुणालाही गिरवता येतो. म्हणून १९०४ पासून खेळण्याच्या कानात धातूचे बटण बसवण्यात येऊ लागले. आजही ती खूण कायम आहे.

९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने मार्गारेटबाईंचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या. जिच्या पोटापाण्याची एकेकाळी घरच्यांना काळजी होती, तिच्या कामावर तेव्हा गींगेन परिसरातल्या शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या.