शोपँलाही धडकी भरे

फ्रेडरिक शोपँ १८१० साली पोलंड देशात जन्मला. पियानो, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचे मोठे वाद्य, तो फार गोड वाजवी. पण चारचौघांत वाजवायचे म्हटले की त्याला धडकी भरे. उभ्या जन्मात त्याचे जाहीर कार्यक्रम झाले जेमतेम तीसेक. मग तो काय करी? कार्यक्रमाआधी पंधरवडाभर दार लावून बसे. स्वतःच्या रचना बाजूला ठेवी आणि बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवी. हीच त्याची तयारी. १८४९ साली तो पॅरिसला वारला.

एवढ्या मोठ्या माणसाचंही काळीज धडधडायचं, हे कळल्यावर मला धीर आला. तालुक्याच्या गायन स्पर्धेत मी पहिल्यांदाच गाणार आहे. आता मी रोज पहाटे नुसता सा लावून बसते. भीती गेली नाही, पण आवाज कापायचा थांबला.