वेदनामुक्तीचे ऋण

स्तनाच्या कर्करोगावरील व्यापक शस्त्रक्रिया रूढ करणारे अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड (१८५२-१९२२) यांनीच मज्जातंतू बधिर करण्याच्या तंत्राचाही पाया घातला. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केल्याचे कळताच न्यूयॉर्कमध्ये हॅल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. तंत्र साधले, परंतु व्यसन जडले. तरीही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी शल्यविशारदांची एक पिढी घडविली.

त्यांची ती शस्त्रक्रिया आज मागे पडली. तंत्र मात्र टिकले. कोकेनची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली असून, फासळ्यांलगतचे मज्जातंतू बधिर करून स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या वेदना कमी करता येतात. इतकी मोठी किंमत देऊन मिळालेली ही विद्या केवळ महानगरांचे धन राहू नये. अहमदपूरसारख्या तालुक्यातील स्त्रीलाही ती लाभली, तरच ते ऋण फिटेल.